संशोधन येथे, स्वामित्व तेथे

बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयी आपल्याकडे जो वाद चाले त्याचा सूर एके काळी ठरलेला असे. या कंपन्यांचे डोके पश्चिमेकडे आणि हातपाय आशिया-आफ्रिकेत, असे त्यांचे चित्र रंगविले जाई आणि ते बव्हंशी खरेही होते. नवी वस्तू मायदेशातील प्रयोगशाळेत जन्माला यायची, तेथील बाजारात वाढायची आणि म्हातारी झाली की स्वस्त मजुरीच्या देशात तिचे उत्पादन सुरू व्हायचे. आज हे चित्र पुष्कळच पालटले आहे. नॅसकॉम व झिनोव्ह यांच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक केंद्रे भारतात काम करीत होती. त्यांत सुमारे १९ लाख माणसे नोकरीस होती आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न ६४.६ अब्ज डॉलर्सच्या घरात होते. ही सर्वच केंद्रे संशोधन करतात असे नव्हे. हिशेब ठेवणे, देयके तपासणे ही कामेही त्यांत मोठ्या प्रमाणावर चालतात. तथापि विमानाच्या इंजिनाची पाती, मोटारीतील नियंत्रणयंत्रणा, वैद्यकीय उपकरणे आणि संगणकाच्या चिप यांचे आराखडे बंगळूर, हैदराबाद व पुणे येथे तयार होतात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

या घटनेचे आपल्याकडे दोन प्रकारे स्वागत होते. एक वर्ग ती राष्ट्रीय अभिमानाची बाब मानतो. दुसरा तिला बुद्धीचे नवे वेठबिगारपण म्हणून हिणवतो. दोन्ही पक्षांचे लक्ष प्रयोगशाळा कोठे आहे याकडे असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. तेथे जन्मलेले ज्ञान कोणाच्या मालकीचे होते, त्यावरील नफा कोणाच्या खातेवहीत जमा होतो आणि त्या ज्ञानाचा कोणता अंश यजमान देशाच्या मातीत मुरतो, हा तो प्रश्न होय.

सिद्धांत आणि त्याची मर्यादा

हार्वर्ड विद्यापीठातील रेमंड व्हर्नन यांनी १९६६ मध्ये वस्तूच्या जीवनचक्राचा जो सिद्धांत मांडला तो वर वर्णिलेल्या जुन्या व्यवस्थेचे नेमके विवेचन करणारा होता. श्रीमंत ग्राहक, महाग मजुरी आणि बाजारपेठेचे सान्निध्य यांमुळे नवी वस्तू अमेरिकेतच जन्माला येते, आणि तिचे स्वरूप स्थिरावल्यावर उत्पादन बाहेर जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९७९ मध्ये खुद्द व्हर्नन यांनीच या सिद्धांताची पकड सैल झाल्याचे मान्य केले. कंपन्यांचे जाळे जगभर पसरले होते आणि अमेरिका, युरोप व जपान यांच्या राहणीमानातील अंतर कमी झाले होते.

स्टीफन हायमर या कॅनडात जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाची दृष्टी अधिक कठोर होती. एखादी कंपनी परक्या देशात जाऊन स्थानिक उद्योजकाशी टक्कर देते ती तिच्याजवळ काही मक्तेदारीचे बळ असते म्हणून, आणि त्या बळाची जपणूक हाच तिचा पहिला धर्म असतो, असे त्यांचे म्हणणे. कामे जगभर विखुरली तरी निर्णयाची सूत्रे मोजक्या महानगरांतच एकवटतील, असेही भाकीत त्यांनी केले होते. आज प्रयोगशाळा विखुरल्या आहेत. सूत्रे विखुरली आहेत का, हे पाहावयास हवे.

कंपनीच्या पोटातील घडामोडी

सीमा ओलांडून होणारे नवप्रवर्तन हे मुख्य कचेरीच्या हुकमाने होते, असा समज करून घेणे चूक ठरेल. क्रिस्तोफर बार्टलेट आणि भारतीय वंशाचे सुमंत्र घोषाल यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात फिलिप्स या डच कंपनीचे उदाहरण दिले आहे. या कंपनीचा पहिला रंगीत दूरचित्रवाणी संच हॉलंडमध्ये नव्हे तर कॅनडातील उपकंपनीने तयार केला. स्टिरिओ ध्वनीचा रंगीत संच ऑस्ट्रेलियातून आला आणि टेलिटेक्स्टचा ब्रिटनमधून. दूरच्या उपकंपन्यांना स्वातंत्र्य होते आणि आपल्या बाजाराची नाडी त्यांना ठाऊक होती. परंतु याच स्वातंत्र्याची दुसरी बाजूही फिलिप्सला भोगावी लागली. मुख्य कंपनीने व्हिडिओसाठी व्ही-२००० ही पद्धत विकसित केली, तेव्हा तिच्या उत्तर अमेरिकेतील शाखेने ती विकण्याचे नाकारले आणि प्रतिस्पर्धी मात्सुशिताकडून व्हीएचएस यंत्रे घेऊन ती आपल्या नावाने विकली.

प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या द्रवरूप टाइडची कथा याच्या उलट आहे. पाण्याचा जडपणा मारणारी रसायने युरोपातील प्रयोगशाळेने दिली, मळ सोडविणाऱ्या घटकांचे तंत्र जपानमधून आले आणि त्यांचा मेळ अमेरिकेत घातला गेला. तिन्ही ठिकाणच्या धुण्याच्या सवयी भिन्न, पाणी भिन्न, म्हणून तेथील शास्त्रज्ञांचे प्रश्नही भिन्न होते. बहुराष्ट्रीय कंपनीचे खरे बळ येथे दिसते. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या गरजांतून निपजलेले ज्ञान ती एका छपराखाली आणू शकते, आणि एका देशात बंदिस्त असलेल्या कंपनीला ते सहसा साधत नाही. हे बळ नाकारण्यात शहाणपण नाही. ते कोणत्या अटींवर आपल्या दारी यावे, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईतील जुना अनुभव

बंगळूरचा बोलबाला होण्यापूर्वी कितीतरी आधी हा प्रयोग मुंबईत झाला होता, याचे विस्मरण आपल्याला झालेले दिसते. हिंदुस्तान लीव्हरचे संशोधन १९५८ मध्ये मुंबईच्या कारखान्यात सुरू झाले आणि १९६७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे साबणासाठी लागणारी चरबी व तेले आयात करणे कठीण झाले, तेव्हा साल आणि कडुनिंब यांसारख्या दुर्लक्षित बियांच्या तेलांकडे तेथील शास्त्रज्ञ वळले. सीबा या स्विस कंपनीच्या गोरेगाव येथील संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा नामांकित रसायनशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख होता. होक्स्ट या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये मुलुंडला मूलभूत संशोधनाचे केंद्र काढले. कोलियस जातीच्या भारतीय वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य तेथे हाती आले आणि पेशींतील क्रियांच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाऊ लागले.

या कालखंडाचा विचार करताना एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मधील आपल्या अहवालात असे दाखवून दिले होते की, भारतातील पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परकीयांच्या हाती होती आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा येथे उपयोगच केला जात नव्हता. त्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ मध्ये तो अमलात आला. औषध व अन्न यांच्या बाबतीत त्याने वस्तूवरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील ठेवले. असा कायदा झाल्यास परदेशी कंपन्या येथे संशोधन करणार नाहीत, अशी ओरड तेव्हा झाली होती. होक्स्टचे केंद्र उघडले ते नेमके १९७२ मध्येच.

अर्थात या केंद्रांचा शेवट काय झाला हेही सांगितले पाहिजे. गोरेगावचे केंद्र पुढे बंद झाले. मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल या भारतीय कंपनीने विकत घेतले. दोन्ही बाबतींत मुंबईतील शास्त्रज्ञांच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना अधिक, वजन परदेशातील संचालक मंडळांच्या जागतिक फेररचनेला होते. जी प्रयोगशाळा दूरच्या कचेरीतील निर्णयाने उभी राहते ती तशाच निर्णयाने मिटतेही, हा तो धडा होय. मुलुंडमधील ज्ञान आणि माणसे देशात टिकली, कारण ती पेलणारी देशी कंपनी तोपर्यंत तयार झालेली होती. गोरेगावच्या वेळी तसा वारसदार पुढे आला नाही.

एकच वर्ष, दोन वाटा

१९८५ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण बोधप्रद आहे. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरमध्ये आपले केंद्र थाटले. उपग्रहाद्वारे मुख्य कंपनीशी संपर्क साधून चिपसंबंधीचे काम येथून करणारे ते आपल्या देशातील पहिले महत्त्वाचे केंद्र ठरले. त्याच वर्षी, याच कंपनीत २५ वर्षे काढलेले मॉरिस चँग हे तैवानच्या सरकारी औद्योगिक तंत्रसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले. ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झालेली होती. तिने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनविण्याचे तंत्र विकत घेतले होते आणि आपले तरुण अभियंते शिकण्यासाठी त्या कंपनीत धाडले होते. १९८७ मध्ये या संस्थेच्या कुशीतून टीएसएमसी ही कंपनी जन्मली. भांडवलाचा निम्म्याच्या जवळपास वाटा सरकारने उचलला आणि सुमारे २७ टक्के रक्कम फिलिप्सने घातली. आज जगातील अत्यंत प्रगत चिप बहुतांशी याच कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात.

तैवानने बहुराष्ट्रीय कंपन्यांना दार बंद केले नाही. आरसीएचे तंत्र, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये मुरलेला अनुभव आणि फिलिप्सचे भांडवल अशी तिन्ही बाहेरचीच सामग्री त्याने वापरली. मात्र ती झेलणारी ओंजळ स्वतःची होती, आणि ती सार्वजनिक पैशाने, दशकभराच्या चिकाटीने घडविलेली होती. आपल्याकडे मोहालीचे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स १९८४ मध्ये उत्पादन करू लागले होते. १९८९ मध्ये तेथे आग लागली आणि त्यानंतर ते पूर्वीच्या जोमाने कधीच उभे राहिले नाही. बंगळूरच्या केंद्रातून शिकलेल्या माणसांनी पुढे इटियमसारख्या कंपन्या काढल्या हे खरे व स्तुत्य आहे. परंतु चिपचा आराखडा करणारी बुद्धी येथे आणि चिप घडविणारा कारखाना अन्यत्र, ही फारकत चार दशके कायम राहिली.

पुण्याचे पेटंट

मालकी आणि नोकरी यांतील अंतर समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक असतानाच्या काळात, पॉलिकार्बोनेट या टणक पारदर्शक प्लॅस्टिकच्या निर्मितीसंबंधी महत्त्वाचे संशोधन केले आणि त्याची परदेशी पेटंट घेतली. या क्षेत्रातील बलाढ्य अशा जनरल इलेक्ट्रिक कंपनीला त्या पेटंटांचा परवाना पुण्याकडून घ्यावा लागला. जेथे एवढे गुणी शास्त्रज्ञ आहेत तेथे आपण का नसावे, असा विचार यातूनच त्या कंपनीच्या धुरीणांच्या मनात आला, असे डॉ. माशेलकर यांनी सांगितले आहे. २००० मध्ये बंगळूर येथे त्या कंपनीचे भव्य तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले.

या केंद्राच्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. हृदयाचा आलेख काढणारे मॅक ४०० हे छोटे यंत्र तेथेच तयार झाले. रुग्णालयातील अवजड यंत्र खेडेगावात नेता येत नाही, विजेचा भरवसा नसतो आणि रुग्णाची ऐपत बेताची असते. या तीन अडचणी आराखड्याच्या मुळाशी होत्या. म्हणून यंत्र बॅटरीवर चालणारे झाले, पाठीवरच्या पिशवीत मावू लागले आणि त्याला तिकिटे छापणाऱ्या हातयंत्रातल्यासारखे छोटे मुद्रणयंत्र बसविण्यात आले. किंमत हजार डॉलर्सच्या आत-बाहेर ठेवण्यात आली. गरीब देशासाठी केलेले हे यंत्र नंतर श्रीमंत देशांतही विकले गेले. व्हर्नन यांनी आखलेल्या प्रवाहाची दिशाच येथे उलटली होती. पुढे २०२३-२४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे तीन स्वतंत्र कंपन्यांत विभाजन झाले आणि वैद्यकीय उपकरणांचा व्यवसाय वेगळा निघाला. हा निर्णय कोठे झाला असेल हे सांगावयास नको.

तरीही दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. पहिल्यात पुण्याची प्रयोगशाळा मालक होती आणि कंपनी ग्राहक. दुसऱ्यात कंपनी मालक झाली आणि त्याच तोलाचे भारतीय शास्त्रज्ञ तिचे वेतनधारी. बुद्धी तीच, करारनाम्यातील बाजू मात्र बदलली.

खातेवहीचा हिशेब

ही बाजू किती रुपयांची असते? परदेशी कंपनीचे येथील केंद्र बहुधा मूळ कंपनीसाठी कंत्राटी संशोधन करते. झालेला खर्च अधिक त्यावर ठरावीक टक्के एवढा मोबदला त्याला मिळतो आणि निर्माण झालेले ज्ञान कराराप्रमाणे बाहेर जाते. समजा, एका केंद्राने एखाद्या संशोधनावर १०० कोटी रुपये खर्च केले आणि त्याला ११५ कोटी मिळाले. १५ कोटी हा त्याचा नफा. कर भरावयाचा तो त्यावर. त्या संशोधनातून पुढील दहा वर्षांत मूळ कंपनीने २,००० कोटी कमावले, तरी त्यातला एक पैसाही या केंद्राच्या हिशेबात येत नाही. संशोधन फसले असते तर तोटा मूळ कंपनीचा झाला असता, असा यावर युक्तिवाद केला जातो. तो अगदीच पोकळ नाही, कारण जोखीम घेणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु संशोधनाची दिशा ठरविणे, टप्प्याटप्प्याने त्याची पारख करणे ही कामेही जर येथील वरिष्ठ शास्त्रज्ञच करीत असतील, तर जोखमीचे नियंत्रण केवळ परदेशात आहे असे कसे म्हणता येईल?

प्राप्तिकर खात्याने २०१३ च्या परिपत्रकात ही कसोटी मांडली होती. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनेही २०१५ मध्ये मान्य केले की, पेटंटावर केवळ कायदेशीर नाव असणे पुरेसे नाही. ते ज्ञान जो घडवितो, राखतो आणि त्याची जोखीम सांभाळतो त्याला नफ्याचा वाटा मिळाला पाहिजे. हा प्रश्न फक्त गरीब देशांचा नाही. ॲपलचे संशोधन कॅलिफोर्नियात आणि युरोपातील विक्रीचा नफा आयर्लंडमधील कंपन्यांच्या खाती, या व्यवस्थेवरून वर्षानुवर्षे खटला चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या कंपनीला १३ अब्ज युरोंचा कर आयर्लंडला देण्यास लावला. भारतात विकसित होऊन येथेच नोंदलेल्या पेटंटावरील रॉयल्टीला अवघा दहा टक्के कर लावण्याची सवलत २०१६ च्या वित्त कायद्याने दिली. परंतु ज्या ज्ञानाची मालकी जन्मापूर्वीच कराराने परदेशी गेली आहे, त्याला या सवलतीचे आकर्षण कोठून वाटणार?

दोष कोणाचा?

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की या कंपन्यांना पुन्हा एकदा निरोप द्यावा. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्याच्या प्रश्नावरून १९७७-७८ मध्ये कोकाकोला आणि आयबीएम यांनी भारत सोडला. पेयाच्या बाबतीत देशाचे फारसे काही बिघडले नाही. पण संगणकाची उणीव केवळ कंपनी गेल्याने भरून येत नाही, ती भरणारी देशी शक्ती उभी करावी लागते, हे त्या अनुभवाने शिकविले. या केंद्रांमुळे लाखो तरुणांना चांगले वेतन मिळते, कामाची शिस्त लागते, जागतिक दर्जाच्या प्रश्नांशी झुंजण्याची संधी मिळते. पूर्वी हेच तरुण विमानात बसून कायमचे जात असत. ही जमेची बाजू लहान नाही.

आपली खरी उणीव घरातच आहे. संशोधन व विकासावर भारताचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनचे हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियाचे पाच टक्क्यांच्या जवळपास आहे. आपल्या या तुटपुंज्या खर्चातही खाजगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक भरतो. देशी उद्योगपतीने तंत्र विकत आणावे, विद्यापीठाने परीक्षा घ्याव्यात आणि संशोधन परदेशी कंपनीने करावे, अशी ही श्रमविभागणी झाली आहे. अशा स्थितीत उत्तम अभियंता परदेशी केंद्रात गेला तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये बीजिंगला काढलेल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले वांग जियान अलिबाबात गेले आणि त्या कंपनीचा क्लाउड-संगणनाचा व्यवसाय त्यांनी उभा केला. जाण्यासाठी अलिबाबा अस्तित्वात होती, हे येथे महत्त्वाचे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे सरकारी सवलती आणि अटी यांची सांगड. कर्नाटकाने २०२४ मध्ये या केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि अन्य राज्येही या चढाओढीत आहेत. जमीन, वीज, भाडे यांत जनतेच्या पैशाने सूट द्यावयाची असेल, तर त्या बदल्यात स्थानिक विद्यापीठाशी संयुक्त प्रयोगशाळा, केंद्रातील शास्त्रज्ञांचे अध्यापन आणि संयुक्त खर्चातून निघालेल्या पेटंटांत विद्यापीठाची भागीदारी मागण्यात गैर काहीच नाही. पुण्याच्या परिसरात मोटारी, इंजिने व शेतीयंत्रे यांवर काम करणारी अनेक परदेशी तंत्रकेंद्रे आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही मुबलक आहेत. या दोहोंचा संबंध नोकरभरतीच्या मुलाखतीपुरता उरावा, हे शोचनीय आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. येथील केंद्रात दरवर्षी किती शोध जन्मले, ते कोणाच्या नावे आणि कोणत्या देशात नोंदले गेले, त्याबद्दल केंद्राला काय मिळाले, हे जाहीर करणे बंधनकारक व्हावे. आज विक्री आणि नोकऱ्या यांचे आकडे मोठ्या हौसेने छापले जातात. मालकीचे आकडे कोणी विचारीत नाही.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट स्वतःच्या संशोधनाची. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा धरण्यात आली. त्यातील बराच मोठा भाग सरकारबाहेरून यावयाचा आहे. जुलै २०२५ मध्ये खाजगी संशोधनासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हे आकडे मोठे आहेत. मात्र त्यांची फलश्रुती विद्यापीठांतील ओस पडलेल्या प्रयोगशाळांत माणसे व उपकरणे येतात की नाही, यावरूनच ठरेल.

बहुराष्ट्रीय कंपनी ही ना दाता असते, ना लुटारू. जेथे कसदार बुद्धी वाजवी दरात मिळते तेथे ती जाते आणि समोरचा पक्ष जेवढे मागू शकतो तेवढेच देते. पुण्याच्या प्रयोगशाळेजवळ पेटंट होते म्हणून तिला परवान्याचे शुल्क मागता आले. ज्याच्याजवळ फक्त पदवी आहे त्याला पगारच मागता येतो. आपले विद्यार्थी या दोहोंपैकी कोणत्या बाजूने करारावर सही करतील, हे परदेशातील संचालक मंडळे ठरविणार नाहीत. ते आपल्या अंदाजपत्रकांत आणि आपल्या महाविद्यालयांत ठरणार आहे.